लेपाखालचे चांदीचे ठिपके

मी बोलतेय. परवापासून सारखी बोलत होते, पण यंत्राचा काटा शून्यावरून हलायला तयार नव्हता. म्हटलं, निदान तुम्ही तरी ऐकाल.

मी नखाएवढी काच आहे. माझ्या अंगावर झिंक ऑक्साइडच्या काड्यांचं रान उगवलंय. एकेक काडी केसापेक्षा शेकडो पट बारीक. झिंक ऑक्साइड काही परकं नाही. अंगावर पुरळ उठलं की तुम्ही जे गुलाबी औषध फासता, त्यात माझेच भाऊबंद असतात. मला मात्र संशोधनात घातलं.

इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईनं मला ऊन द्रावणात उपडी टांगून वाढवलं. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण अंगावर पडले की जास्त वीज वाहू द्यायची आणि तशी खबर द्यायची, हे माझं काम. त्यासाठी दोन कडांना चांदीचे ठिपके दिले. यंत्राच्या सुया त्यांवर टेकल्या की माझी वाचा सुरू.

दोष मात्र जन्मजात. काडीच्या पोटातल्या प्रत्येक अणूचे हात शेजाऱ्यांच्या हातात असतात. पृष्ठभागावरच्यांचे काही मोकळेच. आणि मोकळे हात काय उद्योग करतात, हे कुठल्याही कचेरीत जाऊन पाहा. हवेतला प्राणवायू पकड, दमटपणा पकड, माझीच वीज अडवून धर. कोणी जवळ येऊन श्वास सोडला तरी माझा आकडा बदलायचा. अतिनील किरणांखाली जांभळं चमकायचं सोडून मी आजाऱ्यासारखी हिरवट दिसायची.

ताईचे मार्गदर्शक, म्हणजे सर, म्हणाले, "हिला पातळ लेप दे. गप्प बसतील सगळे."

ताईनं काच मधोमध कापली. एक अर्धुक मी, दुसरं माझी बहीण. एकीला लेप द्यायचा, दुसरीला तुलनेसाठी उघडी ठेवायची, अशी इथली रीत.

लेपाच्या यंत्रात अॅल्युमिनियमच्या संयुगाची वाफ सोडतात, मग पाण्याची, मग पुन्हा पहिली. ही वाफ कमालीची निःपक्षपाती. एक कोपरा सोडत नाही. आणि हा लेप वीज जाऊ देत नाही. म्हणून आधी ठिपक्यांवर चिकटपट्टी लावून ते झाकायचे असतात. सरावाच्या तुकड्यांवर ताईनं ती न चुकता लावली होती. माझ्या वेळी तिचा हात थांबला.

"ही सगळ्यांत छान उगवलीये," ती म्हणाली. "हिला गोंदाचा डाग नको."

ज्यांची कोणाला पर्वा नव्हती, ते तुकडे आज व्यवस्थित बोलतात.

लेप चढला. मोकळे हात कामाला लागले, हिरवटपणा गेला, मी स्वच्छ जांभळी चमकू लागले. सर खूश झाले. मग ताईनं ठिपक्यांवर सुया टेकवल्या. शून्य.

शेजारच्या टेबलावरचा संशोधक, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, डोकावला. "अगं, लेप द्यायला सांगितला होता. तोंड शिवायला नाही."

"मास्तर, तू तुझं काम बघ." पण तिचा चेहरा उतरला होता. तीन दिवसांनी समिती येणार. लेपाचा उपयोग पटला नाही, तर तिचं संशोधन इथंच बंद. आणि नवी काच उगवायला आता वेळ नाही.

सर म्हणाले, "नुसता हिच्या चमकण्याचा आलेख दाखव. विजेचं नाव काढू नकोस."

"कोणी विचारलं तर?"

"कोणी विचारत नाही. तोवर चहा आलेला असतो."

"सर, मग मी बनवलंय काय? दिवा?"

"बघ बाई, तुला काय जमतंय ते," सर म्हणाले आणि गेले.

आज दुपारी ताईनं मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि टोकदार सुईनं ठिपक्यांवरचा लेप खरवडायला घेतला. मास्तरनं न सांगता दिव्याची मान वळवून धरली. पहिल्या ठिपक्यावर लेपाबरोबर चांदीही सोलवटली. जेमतेम एक चिंधी उरली. दुसऱ्यावर तिचा हात हलका झाला.

सुया टेकल्या. काटा हलला.

ताईनं वाकून मुद्दाम माझ्यावर श्वास सोडला. बहीण असती तर आकडा सैरावैरा धावला असता. माझा जागचा हलला नाही.

"बोलली की," मास्तर म्हणाला.

"हं." ताई हसली नाही. ती चांदीची चिंधी बघत होती. "अजून एकदा सुई टेकेल. फार तर."

सरांना कळवलं. त्यांनी मान डोलावली. "ठीक. पण कोणी विचारलं तरच दाखव. भर सभेत चिंधी तुटली तर होतं तेही जाईल."

समिती उद्या येणार. आता मी डबीत पडून आहे, शेजारी बहीण. ती सवयीनं हवेतलं मिळेल ते गोळा करतेय. मला भीती वाटते. सुई टेकवताना चिंधी तुटेल, ही एक. पण त्याहून मोठी ही, की सुई टेकवायची वेळच येणार नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणी त्या समितीत असेल, तर चहा येईल तेव्हा कप जरा बाजूला ठेवा आणि तिला विचारा. एकदा बोलता येईल एवढी चांदी माझ्यापाशी आहे.