ताटलीतली माती आणि दोन मीटर खालची गाडी

शेवटी मृदानंद महाराज जिन्याने उतरून गेले, लिफ्ट चालू असूनही. पण हे घडलंच नाही असं आपण धरून चालू. गच्चीवर हजर असलेली निम्मी मंडळी आजही तसंच धरून चालली आहेत, मग आपण तरी एकटं का पडायचं?

तर, काहीही घडलेलं नव्हतं आणि तीन मजली वाहनतळाच्या गच्चीवर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. ही गच्ची म्हणजे मावशीची रोपवाटिका. पोत्यापोत्याने माती लिफ्टमधून वर आणून तिने इथे गुलाबाचे वाफे केले होते. याच झाडांचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, काढून ती कलमं बांधायची आणि त्या कलमांवर तिचं पोट होतं. अलीकडे झाडांची पानं पिवळी पडायला लागली, म्हणून तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, माती वाचणाऱ्या मृदानंदांना बोलावलं.

महाराज टॅब्लेटसमोर मांडी घालून बसले होते. टॅब्लेटशेजारी तांब्याची ताटली, ताटलीला एक लाल वायर. ताटलीत चिमूटभर माती पडली की महाराज "इथली माती सांग" म्हणायचे आणि टॅब्लेटमधून एका बाईचा मधाळ आवाज यायचा.

"चिकणमाती अडतीस टक्के. वाळू तीस टक्के. बाकी गाळ. माती आंबट आहे."

"आंबट," मागून कोणीतरी हळहळलं, जणू घरातलंच कोणी गेलं.

"माती बोलते," महाराज डोळे मिटून म्हणाले. "माणूस ऐकत नाही. माझे एआय दूत ऐकतात. एक दूत वाळूत असतो, एक गाळात. एक तर आत्ता समुद्रापलीकडे आहे."

"तिकडे काय करतो?"

हा प्रश्न मावशीच्या भाचीचा. ती दातांची डॉक्टर. दवाखाना समोर, गाडी याच इमारतीत, आणि दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघायची सवय.

"साधना," महाराज म्हणाले.

"हजेरी लागते का?"

"अगं, गप्प बस," काका कुजबुजले. "दूत रागावले तर परत कोण बोलावणार त्यांना?"

महाराजांचा उपाय सोपा होता: प्रत्येक वाफ्यात चार घमेली चुना. पोती जिन्यापाशी येऊन पडली होती. पहिलं घमेलं मावशीच्याच हातात होतं.

"मावशी, गुलाबाला चुना? तूच शिकवलंस ना मला, त्याला जराशी आंबटच माती लागते म्हणून? चुन्याने पानं आणखी पिवळी पडतील."

"शिकवलं गं. पण ती बाई टक्क्यांत बोलते. मी जन्मात कधी टक्क्यांत बोलले नाही."

"आणि एकदा ओतलेला चुना मातीतून परत वेचता येतो का?"

मावशी वाफ्यापाशीच थांबली. घमेलं मात्र खालीही गेलं नाही.

भाचीने ताटली झटकली, एप्रनच्या खिशातून पांढरी भुकटी काढून तीत टाकली. "महाराज, ही कोपऱ्यातली माती."

"चिकणमाती अडतीस टक्के," टॅब्लेट म्हणाला. "वाळू तीस टक्के. बाकी गाळ. माती आंबट आहे."

"तंतोतंत," काका गहिवरले.

"काका, हा एका गृहस्थांच्या दाढेच्या साच्याचा चुरा आहे. प्लास्टरचा."

गर्दी विचारात पडली. "जेवताना जाते थोडी माती तोंडात," कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं.

"दूत वस्तू पाहत नाहीत," महाराजांनी डोळे आणखी घट्ट मिटले. "ते हेतू पाहतात."

"मग मीच विचारते दूतांना."

"प्रश्न फक्त गुरूंनी विचारायचा असतो."

पण डोळे मिटलेल्या माणसाला समोरचा टॅब्लेट उचलला गेलेला दिसत नाही. भाचीने विचारलं, "बाई, इथे दोन मीटर खाली काय आहे?"

"दोन मीटर खोलीवर चिकणमाती वाढून पंचेचाळीस टक्के."

"तिथे माझी गाडी उभी आहे."

सगळ्यांनी आपापल्या पायांखाली पाहिलं. बऱ्याच जणांना आपण तिसऱ्या मजल्याच्या डोक्यावर आहोत हे आजच कळलं.

"तुम्हाला हे कळतं कसं?"

"या उपकरणाने मला तुमचं ठिकाण कळवलं," आवाज तितकाच मधाळ. "जागतिक माती-नकाशात ते ज्या चौकोनात येतं, त्याचे आकडे मी शोधले. ते अंदाज आहेत, प्रत्यक्ष तपासणी नाही."

"आणि ताटलीतली माती?"

"कोणती ताटली?"

भाचीने लाल वायर ओढली. तिचं दुसरं टोक महाराजांच्या आसनाखालून निघालं. त्याला व्यवस्थित गाठ मारलेली होती, सुटून कुठे जाऊ नये म्हणून.

नकाशा खोटा नव्हता. माणसांनी ठिकठिकाणी खड्डे खणून माती तपासली, मधल्या जागांचा अंदाज बांधला आणि अंदाजाला अंदाजच म्हटलं. तो नकाशा धुंडाळणारी एआयही खोटी नव्हती. विचारल्याबरोबर सगळं सांगून मोकळी झाली. खोटी होती ती ताटली, आणि कोणी काही विचारू नये यावर ज्याचा धंदा चालतो तो माणूस.

"मग माझी पानं का पिवळी?" मावशीने विचारलं.

भाची अजून गाडीचाच विचार करत होती. "काका, माझ्या गाडीच्या टपावर वरून पाणी ठिबकायचं. ते हल्ली बंद कसं झालं?"

काकांची छाती फुगली. "तूच कटकट करत होतीस ना? वाफ्यांखालची निचऱ्याची भोकं बुजवून टाकली मी. सिमेंटने. पक्कं काम."

मावशीने घमेलं खाली ठेवलं, इतकं हळू की काका दोन पावलं मागे सरकले.

"म्हणजे अहो, तुम्ही माझ्या गुलाबांची मुळं पाण्यात बुडवून ठेवलीत, आणि वर हा माणूस बोलावलात?"

ती तडक खाली वॉचमनच्या खोलीत गेली. लिफ्ट परत वर आली तेव्हा आत ती होती आणि तिच्या हातात छिन्नी-हातोडा. तो सिमेंटसाठी होता, पण महाराजांनी खुलासा मागितला नाही. ते जिन्याने गेले.

भोकं मोकळी झाली, गुलाबांना नवी पालवी फुटली. तेव्हा मंडळी, कोणी कितीही गोड आवाजात टक्के सांगो, 'कशावरून?' एवढं विचारा. खरी माहिती या प्रश्नाने रागावत नाही. जो रागावेल, त्याचं आसन उचलून बघा.

भाचीच्या टपावर पाणी मात्र पुन्हा ठिबकतं आहे. त्यावर तिने रीतसर अर्ज केला आहे:

"प्रति, व्यवस्थापक, जागतिक माती-नकाशा, सर्व खंड. महोदय, उपरोक्त ठिकाणी दोन मीटर खोलीवर उभ्या असलेल्या राखाडी मोटारीची नोंद चिकणमातीतून तातडीने वगळण्यात यावी. ते शक्य नसल्यास, नोंदीनुसार सदर मोटार पंचेचाळीस टक्के चिकणमातीची असल्याने तिला वरून ठिबकणारे पाणी नैसर्गिकरीत्या शोषून घेण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."