फलकावरचा आळस

मनगटाने चेंडू फिरवणारा माणूस संघात असणं म्हणजे घरात तान्हं मूल असणं. केव्हा हसेल, केव्हा भोकाड पसरेल, सांगता येत नाही. आणि पसरलं की सगळे बघतात ते कर्णधाराकडे.

आमच्या क्लबात हे मूल म्हणजे घड्याळजी. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचा आणि रविवारी लेगस्पिन टाकायचा. नऊ वर्षं झाली. देवाने मनगट असं दिलं होतं की चेंडू वळला की पाहणाऱ्याने हात जोडावेत. पण सहातले दोनच वळायचे. उरलेले चार आम्ही कुंपणापलीकडे शोधायचो.

त्या रविवारी पॅड बांधायच्या खोलीत तो कर्णधाराला म्हणाला, "डॉक्टर, आज माझ्या ओव्हरमध्ये वीसच्या वर धावा गेल्या की मनगट बंद. पुढच्या रविवारपासून सरळ टाकणार. दादा रोज तेच सांगतात."

दादा म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ, आमचा कीपर. तो पॅडचा पट्टा ओढत म्हणाला, "मी काही वाईटावर नाही हो, भाऊजी. पण तुमची ओव्हर बघून लोक माझ्या बहिणीला विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना?"

आम्ही हसलो. घड्याळजीही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

कर्णधार दातांचा डॉक्टर. वीस वर्षं 'झालंच, झालंच' म्हणत लोकांच्या दाढा उपटलेला माणूस. खोटं बोलायची वेळ आली की त्याचा चेहरा विलक्षण प्रेमळ व्हायचा. तसाच चेहरा घेऊन तो आपल्या आत्याकडे गेला. दोन्ही संघांच्या धावा वहीत लिहायच्या आणि लाकडी फलकावर आकड्यांच्या पाट्या अडकवायच्या, ही दोन्ही कामं आत्याची. पुढचं बोलणं मला नंतर तिनेच सांगितलं.

"आत्या, घड्याळजीच्या ओव्हरमधल्या धावा फलकावर लावू नकोस."

"खोटं करू? या वयात?"

"वहीत खरंच लिही गं. फलकावर फक्त जरा आळस कर. त्याच्या ओव्हर संपल्या की सगळं एकदम लाव."

आत्याने विचार केला. "आळस चालेल. पण कुणी तोंडावर विचारलं तर खरं सांगेन. वर जाऊन उत्तर मला द्यायचंय, तुला नाही."

आम्ही एकशे एकाहत्तर केल्या होत्या. पाहुणे पाच बाद एकशे एकवीसवर असताना डॉक्टरने घड्याळजीला आणलं. पहिलाच चेंडू फुलटॉस. चौकार. डॉक्टर माझ्यावर कडाडला, "बेकरीवाले! दोन पावलं आत कशाला?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं..."

"तेच तर चुकलं!"

दोन चेंडूंनंतर षटकार. डॉक्टरने टाळ्या वाजवल्या. "वा! मला हेच हवं होतं."

"सिक्स?" मी विचारलं.

"हळू बोला. त्याला तसंच वाटू द्या."

फलक मात्र ढिम्म. आता म्हणाल, गोलंदाजाला स्वतःच्या धावा मोजता येत नाहीत का? येतात की. पण मार खाणाऱ्याला आपल्या मोजणीपेक्षा फलक खरा वाटतो, आणि तो सोयीचा असला तर जरा जास्तच खरा. घड्याळजी दर ओव्हरला मान वर करून बघायचा आणि त्याचे आवळलेले खांदे इंचभर सैल व्हायचे. मग चेंडू वळायला लागला. एक त्रिफळा. एक झेल स्लिपमध्ये.

पण फलक काय एकट्या घड्याळजीलाच दिसत होता? फलंदाजही फलकाकडेच बघत होते. आपण फार मागे पडलो, या भीतीने ते पुढे धावून बॅटी फिरवू लागले. आणखी दोन गेले. फलकावर नऊ बाद एकशे चाळीस, तीन ओव्हर बाकी, हव्यात बत्तीस.

तेवढ्यात पाहुण्यांचा कर्णधार आत्याच्या टेबलापाशी आला. "बाई, नक्की किती झाल्या?"

आत्याने चष्मा सारखा केला. "एकशे एकोणसत्तर." आणि उठून खटाखट पाट्या बदलल्या.

"म्हणजे तीनच हव्यात? आणि माझी माणसं बत्तीससाठी मरतायत!"

"विचारल्याबरोबर सांगितलं की," आत्या म्हणाली.

घड्याळजी फलकाकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. एकोणतीस. त्याने चेंडू डॉक्टरच्या हातात ठेवला. "वीसच्या वर गेल्या. आणि विकेटा त्यांनी घाबरून फेकल्या. मी नाही काढल्या."

डॉक्टरचा प्रेमळ चेहरा पार उतरला होता. "फलक माझा गुन्हा. त्यांच्या कर्णधाराचीही माफी मागतो. पण तो त्रिफळा उडाला, तो चेंडू फलकाने वळवला का रे? तुझी एक ओव्हर आहे. सरळ टाकायची तर टाक. स्लिप मात्र मी हलवणार नाही." आणि चेंडू परत दिला.

"भाऊजी, ऐका माझं!" कीपर यष्ट्यांमागून ओरडला. "तीनच हव्यात त्यांना. देवाचं नाव घ्या आणि सरळ टाका!"

घड्याळजीने देवाचं नाव घेतलं. सरळ टाकला नाही.

चेंडू उंच गेला, फलंदाजाच्या नाकासमोर बुडाला. तो बाहेर वळणार म्हणून फलंदाज ऑफला झुकला, कीपरही झुकला. चेंडू उलटा आत आला, बॅट चुकवून, यष्टीवरून केसभर वर, आणि मोकळ्या बाजूने थेट सीमेपार.

सामना गेला. पाहुणे नाचत आत धावले. घड्याळजी त्या गर्दीतून सावकाश चालत कीपरपाशी आला.

"दादा, कळला नाही?"

"अहो, उलटा वळला तो!"

"तेच विचारतोय. तुम्हालाही कळला नाही?"

"नाही."

"नऊ वर्षं मागे उभे आहात."

"नाही कळला म्हटलं ना, भाऊजी! आता काय लेखी देऊ?"

"बाय आहेत त्या!" आत्या टेबलावरून ओरडली. "त्याच्या नावावर नाही लिहिणार!"

पण घड्याळजीला धावांचं काही पडलं नव्हतं. हरलेल्या माणसाला न शोभेल इतकं तो हसत होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी मला लवकर आणा. आणि गुरुवारी दादांना सरावाला बोलवा. त्यांना थोडं शिकवावं लागेल."