लाल जमेपर्यंत

"मी एकदा शिकवलं की माणूस झोपेतसुद्धा चुकायचा नाही," असं छापखान्याच्या मास्तरांनी मालकीणबाईंना छाती ठोकून सांगितलं, आणि तासाभरात सगळी मंडळी टक्क जागी असताना चुकली. शाईच्या, थिनरने भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पिंपात टाकायच्या, एवढंच शिकवायचं होतं. पण झाकण घट्ट, उंदीर शिरत नाही, म्हणून पिंपात सगळ्यांनी जेवणाचे डबे ठेवलेले.

चार वाजता तपासणी अधिकारी येणार होता. मागच्याच खेपेला त्याने बजावलं होतं, एका पिंपापेक्षा जास्त असला विषारी कचरा सापडला तर टाळं. म्हणजे बारा माणसं घरी. मास्तरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. या वयात दुसरीकडे त्यांना दारात तरी कोण उभं करणार?

मशीनवर त्यांचा सख्खा भाचा होता. तो म्हणाला, "मामा, डबे काढतो मी. पण भिंतीवर पाटी लावा, वाचून तरी सुधारतील."

छापखान्यात पाटी हाताने लिहिली तर लोक तोंडात शेण घालतील. मशीन चालू झालं. 'धोका' हा शब्द लाल हवा होता, आला विटकरी.

"हा धोका आहे की गंज? पूस!"

भाच्याने थिनरने रोलर धुतले, चिंध्या पिंपात टाकल्या. पुढचा लाल गुलाबी निघाला.

"लग्नाला बोलावतोयस का लोकांना? पूस!"

मग रंग जमला, तर चौकट केसभर सरकली.

"जाऊ द्या ना मामा, चौकट कोण बघतंय?"

"मी बघतोय! पूस!"

साडेतीनला पाटी अशी देखणी उतरली की मास्तरांचे डोळे भरून आले. त्याच डोळ्यांनी त्यांनी मागे पाहिलं. पिंप गळ्यापर्यंत भरलेलं, शेजारी ओल्या चिंध्यांचा कमरेएवढा ढीग.

"हे सगळं एका पाटीचं?"

"एका पाटीचं. पण कुठे टाकायचं ते मला पाठ झालं, मामा."

अधिकारी दहा मिनिटं आधीच आला. ढीग पाहून त्याने थेट वही काढली. सगळी मंडळी आपापले डबे उचलून बाहेर पडली.

चारला टाळं लागलं. अधिकाऱ्याच्या हाताला शाई लागली होती. मास्तरांनी सवयीने खिशातली थिनरची चिंधी काढून त्याचा हात पुसून दिला आणि चिंधी रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकली. अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं.