सात नंबर

"हा हातानं दाबायचा, आणि हा विजेवरचा." दुकानातल्या बाईंनी दोन्ही पंप काचेच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "परत कामावर जाणार असाल तर विजेवरचाच घ्या, ताई. दोन्ही बाजूंचं एकदम निघतं. वीस मिनिटांत मोकळ्या."

ठकूनं विजेवरचा पंप उचलला, उलटा करून पाहिला, बाटलीवरच्या आकड्यांवरून नख फिरवलं. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दिवसभर नळाचं, विहिरींचं, टाक्यांचं पाणी नळ्यांत भरून मोजायचं काम. आकडा दिसला की तो खरा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"एका वेळी किती निघायला हवं?" तिनं विचारलं.

"ते ज्याचं त्याला असतं हो. कुणाचं पन्नास, कुणाचं शंभर."

"पण साधारण?"

बाई हसल्या. मागे खुर्चीवर बसलेली ठकूची आईसुद्धा हसली. लेकीचा हा स्वभाव लहानपणापासूनचा. नववा लागून आठवडा झाला होता, पाय सुजले होते, तरी दुकानात आल्यापासून ती बसायला तयार नव्हती. मोबाइलमधल्या यादीवर एकेका वस्तूपुढे खूण करत होती. दूध साठवायच्या पिशव्या झाल्या. मांडीवर घ्यायची उशी झाली. दूध पाझरतं म्हणून आत ठेवायच्या गोल गाद्या झाल्या. त्या मात्र आईनं निवडल्या. धुवायच्या, मऊ सुती कापडाच्या.

"आई, गाऊन कुठला? बटणांचा की नाडीचा?"

"नाडीचा घे. बटणं एका हातानं निघत नाहीत, आणि दुसरा हात तेव्हा मोकळा नसतो."

"बघा, याला म्हणतात अनुभव," दुकानातल्या बाई म्हणाल्या.

 आईनं हातातल्या पिशवीचा बंद विनाकारण सोडला आणि पुन्हा बांधला.

"आणि पावडरचा एक डबा घेऊन ठेवायचा का? पहिल्या दिवसांत कधी वेळ आली तर असावा घरात. डॉक्टरांना विचारून उघडा."

"नको," ठकू ताडकन म्हणाली. "आमच्याकडे नाही लागणार. आमच्या आईला इतकं दूध होतं की आजी अख्ख्या गल्लीत सांगत फिरायची. मी सहा महिन्यांची असताना वर्षाची दिसायचे म्हणे. हो ना गं, आई?"

आईनं मान हलवली. ती हो म्हणणारी होती की नाही म्हणणारी, हे पाहणाऱ्याला कळलं नसतं.

ठकूनं यादीतली पुढची वस्तू वाचायला मोबाइल वर केला आणि न वाचताच खाली घेतला. तिनं पंप खाली ठेवला. "आणि मला नाही आलं तर?" ती हळूच म्हणाली. "सगळे म्हणतात, आईवर गेली असशील तर काळजी नको. मी नसेन गेले तुझ्यावर, तर?" आणि भर दुकानात, दोन पंपांसमोर उभी राहून ती रडायला लागली.

दुकानातल्या बाईंनी असं रडणं बहुतेक रोज पाहिलेलं असावं. त्यांनी काही न विचारता मागच्या बाजूचा पडदा सरकवला. कपडे घालून बघायची ती छोटीशी खोली होती. आत एक आरसा, एक खुर्ची आणि एक स्टूल. "बसा निवांत," म्हणून त्या निघून गेल्या.

आईनं ठकूला खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टुलावर बसली. समोर आरशात दोघी दिसत होत्या. आईनं स्टूल फिरवून आरशाकडे पाठ केली.

"ठकू, मला दूध नव्हतं," ती म्हणाली.

ठकूनं डोळे पुसता पुसता वर पाहिलं.

"सात आठवडे होतं. मी कामावर रुजू झाले आणि दहा दिवसांत गेलं. का गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही. तुला पाजलं ते सात नंबरनं."

"कोण सात नंबर?"

आई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लांबलचक बोर्ड, त्यावर शेकडो भोकं आणि दिवे, डोक्याला हेडफोन, आणि दोन्ही हातांत दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, "नंबर सांगा" म्हणायचं, दुसरी दोरी खुपसून या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा. बोर्डापुढे अकरा जणी बसत. नावानं हाक मारायला सवड नसे, म्हणून ज्या खुर्चीवर जी बसे तोच तिचा नंबर. ठकूची आई आठ नंबर. शेजारी सात नंबर: उंच, आवाजानं खणखणीत आणि फटकळ. लाइनवर वाद घालणाऱ्या माणसाला ती अशा गोडीनं गप्प करायची की तो बिचारा शेवटी तिचेच आभार मानायचा. तिचा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता.

"मी एकदा बोर्डावर रडत होते," आई म्हणाली. "दिवा लागलाय, मी दोरी भलत्याच भोकात घातलीय. तिनं माझी लाइन स्वतःकडे ओढून घेतली, बोलणं जोडून दिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'उद्या पोरीला घेऊन ये. माझ्याकडे उरतंय ते सांडून जातंय.'"

सात नंबर एक्स्चेंजच्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहायची. दोघींनी ड्युट्या अदलाबदल करून घेतल्या. आठ नंबरची सकाळ, सात नंबरची दुपार. सहाच्या आधी आई ठकूला दुपट्यात गुंडाळून तिच्या दारात उभी राहायची, एकला परत घ्यायला जायची. घरी सासूबाईंना सांगितलं होतं, ऑफिसात मुलांना ठेवायची सोय आहे, मधल्या सुट्टीत पाजते. संध्याकाळी दार लोटून, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि पदराआड वाटी-चमच्यानं पावडरचं दूध भरवायचं. ठकूनं बाळसं धरलं. सासूबाईंनी सुनेचं तोंड भरून कौतुक केलं, गल्लीभर केलं, आणि मग खरं सांगायची वाटच बंद झाली.

"आजीला शेवटपर्यंत नाही कळलं?"

"नाही. तुझ्या बाबांनाही नाही."

"मग इतकी वर्षं..." ठकू थांबली. "त्यांचं नावसुद्धा कधी घेतलं नाहीस तू."

आता खरं अवघड ते पुढेच होतं.  "मला तिचा राग यायला लागला होता," आई म्हणाली. "तू तिच्याकडे झेपावायचीस. मी घ्यायला गेले की तोंड फिरवायचीस. तू सात महिन्यांची झालीस तेव्हा एक दिवस मी दारात उभी, तू तिच्या मांडीवर, आणि ती हसत तुला म्हणते, 'जा बाई, ती बघ तुझी मावशी आली न्यायला.'"

ठकूनं आईचा हात धरला.

"मी तुला उचललं आणि चालती झाले. दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. निरोप नाही, काही नाही. तुला घरी आजीपाशी ठेवलं, भात-वरण मऊ करून घालायला लागले. तिसऱ्या दिवशी ती ड्युटीवर आली, तोंड तापानं लाल, ब्लाउज दोन्हीकडून ओला, वरून टॉवेल बांधलेला. एकदम थांबवलं की असं गच्च होतं, ताप भरतो. मला कळत होतं ते कशामुळे. बोर्ड तिच्या ताब्यात दिला, 'लाइन चार बंद आहे' एवढं सांगितलं आणि घरी आले. पुढे अकरा वर्षं शेजारी बसलो आम्ही. तिनं मला कधी विचारलं नाही, आणि कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही. मग बोर्ड गेले, आपोआप लागणारे फोन आले, आम्ही पांगलो."

"कुठे असतात त्या?"

"मुलाकडे. पेन्शनच्या कागदांसाठी भेटलो होतो, तेव्हा पत्ता दिला होता तिनं."

"चल."

"अगं, काय सांगायचं तिथे जाऊन? असल्या अवस्थेत तू..."

"तुला नसेल यायचं तर पत्ता दे. मी एकटी जाते."

ठकूनं विजेवरचा पंप घेतला, नाडीचे दोन गाऊन घेतले. मग जरा थांबून म्हणाली, "आणि तो डबाही द्या." दोन मोठ्या पिशव्या घेऊन मायलेकी टॅक्सीत बसल्या.

तळमजल्यावरचं घर. दार उघडलं ते सात नंबरनंच. उंची तेवढीच, पण अंगावरचं मांस उतरलेलं, डाव्या कानात यंत्र. हेडफोनचा कान तो.

"कोण पाहिजे?"

"आठ," आई म्हणाली.

"काय?"

"आठ नंबर!"

"अगं बाई!" सात नंबरनं दाराची चौकट धरली. मग तिची नजर ठकूकडे गेली, पोटाकडे गेली, परत चेहऱ्यावर आली. "ही ती?"

"हो."

"ये गं, ये. उभी राहू नकोस. तो सोफा खोल आहे, उठता येणार नाही. या खुर्चीवर बस."

घरात ती एकटीच होती, मुलगा-सून कामावर. चहा झाला, बिस्किटं झाली, कोण गेलं आणि कोण उरलं ते बोलून झालं. आई कप हातात धरून नुसती बसली होती. शेवटी ती म्हणाली, "तेव्हा मी तुला न सांगता बंद केलं. तुला ताप आला होता. मला माहीत होतं तो कशामुळे."

"काय म्हणतेस? जरा मोठ्यानं."

आईनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की खिडकीबाहेर कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीनं मान वळवून पाहिलं.

"अगं, ओरडतेस काय? पहिल्यांदाच ऐकू आलं होतं मला," सात नंबर म्हणाली. "म्हटलं, इतक्या वर्षांनी सांगतेस तर दोनदा ऐकावं."

ठकूला हसू आलं. आईला आलं नाही.

"राग आला होता," सात नंबर पुढे म्हणाली. "खूप आला होता. छाती दगडासारखी झालेली, आणि तू मला लाइन चार सांगतेस. मी तुझ्या जागी असते ना, तर सांगून गेले असते." तिनं साडीवरचा बिस्किटाचा चुरा झटकला. "पण ते मावशी म्हणाले ना, ते मुद्दाम म्हणाले होते मी. थट्टा नव्हती ती. मला वाटायला लागलं होतं तसं. तू नेलीस ते बरं केलंस."

 आईनं कप खाली ठेवला आणि पदरानं नाक पुसलं.

"मला येईल का दूध?" ठकूनं सात नंबरच्या कानाशी वाकून विचारलं.

"मी काय ज्योतिषी आहे? येईल. नाही आलं तर डबा आहे. माझा धाकटा डब्यावरच वाढला, चांगला दरवाजाएवढा झालाय." तिनं पिशवीतून डोकावणाऱ्या खोक्याकडे पाहिलं. "यंत्र वगैरे ठीक आहे. आधी बसायचं कसं ते शीक. दे ती उशी इकडे."

उशी घेऊन ती सोफ्यावर टेकून बसली. "पाठ टेकलेली पाहिजे. खांदे सैल. पोराला छातीकडे आणायचं, आपण पोराकडे वाकायचं नाही. वाकलीस तर आठ दिवसांत कंबर जाईल. तोंड मोठं उघडू दे, मगच घे. घाई नाही." उशीचं एक टोक तिनं डाव्या कोपराच्या खळीत घेतलं, दुसरं टोक तळहातानं अलगद उचललं. ठकूनं खुर्ची पुढे ओढली आणि डोळे बारीक करून प्रत्येक बोट कुठे आहे ते पाहिलं. आकडा एकही विचारला नाही.

"मग किती वेळ?" आईनं विचारलं.

 बोलता बोलताच सात नंबरचा डोळा लागला होता. मान मागे सोफ्याला टेकलेली, दोन्ही हात उशीभोवती तसेच.

थोड्या वेळानं ठकू कुजबुजली, "निघायचं का? झोपल्यात त्या. दार ओढून घेऊ."

"नको," आई म्हणाली. "उठू दे तिला. सांगून जाऊ."

तिनं कपबश्या आवाज न करता आत नेऊन ठेवल्या, बाहेर येऊन पंखा एक अंक कमी केला, आणि पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली.