कडक मंगळ

जयंतीला मंगळ होता, आणि तो कडक होता. मुलुंडमध्ये ही बातमी तिच्या बी.ए.च्या निकालापेक्षा जास्त घरांत पोचली होती. आमच्या शाळेचे चिटणीस अण्णा यांनी पुतण्यासाठी मागवलेली तिची पत्रिका याच कारणानं परत पाठवली, तेव्हा माझ्या या थोरल्या बहिणीनं ठरवलं, आता नोकरीच करायची. नोकरी होती ती नेमकी अण्णांच्याच शाळेत, इंग्रजी शिकवण्याची. ती मिळाली नाही तर कल्याणच्या बिजवराला होकार द्यायचा, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं.

नमुन्याचा तास आमच्याच वर्गावर झाला. मागच्या बाकावर हेडमास्तर आणि अण्णा. जयंतीनं धडा उघडला तेवढ्यात अण्णा उठले आणि त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला : सॅटर्नाइन.

"धडा राहू दे मुली. हा समजावून सांग." मला त्यांचा असा राग आला.

जयंती वर्गाकडे वळली. "सॅटर्न म्हणजे शनी. घरात कुणाला साडेसाती लागली की तो माणूस कसा असतो?"

"तोंड पाडून बसतो," प्रेमा म्हणाली.

"काय विचारलं तरी बोलत नाय," काशीराम म्हणाला.

"अर्थ तुम्हीच सांगितलात. पूर्वी तिकडची माणसंही ग्रह बघायची. शनीच्या अमलाखाली जन्मलेला तो उदास, अबोल. आता गुरू. त्याला ते जोव्ह म्हणत. गुरू बलवान असलेला माणूस?"

"हसतमुख," चारपाच जणी म्हणाल्या.

"तो जोव्हिअल. आणि मर्क्युरी म्हणजे बुध. बुद्धीनं चलाख, पण घटकेत हसेल, घटकेत रुसेल. तो मर्क्युरिअल." सगळ्यांनी काशीरामकडे पाहिलं.

पत्रिका बघण्यात अण्णांचा जन्म गेलेला. आपण परीक्षक आहोत हे विसरून ते पुढे वाकले. "आणि मंगळाचा कुठला?"

जयंतीनं तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. "मार्शल. मार्स म्हणजे मंगळ, त्यांचा युद्धाचा देव. ज्याच्या अंगात लढायची धमक, तो मार्शल. माझ्या पत्रिकेत आहे तोच, अण्णा. तुम्ही पाहिलाय."

मग हेडमास्तर मोठ्यानं हसले. अण्णांनी टोपी सारखी केली, फळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"सोमवारपासून या, बाई," ते म्हणाले.

मला इतका आनंद झाला की कल्याणच्या त्या बिजवराचीही कीव आली. फाटकापाशी तिला गाठून मी म्हटलं, "जयू, वाट लावलीस गं त्यांची."

"शाळेच्या आवारात बाई म्हणायचं," ती म्हणाली.