डेअरीचा फोन

रुपेशनं लिहिलेला दुधाचा प्रोग्राम लोणीपासून मढपर्यंतच्या डेअऱ्यांत चालायचा. दुधाचं माप, फॅट, पावती, सगळं तोच करायचा. फुकट्यांनी कॉपी मारू नये म्हणून त्याला कुलूप होतं. कम्प्युटर फॉरमॅट केला की पडद्यावर एक आकडा यायचा. तो फोनवर लोणीला रुपेशच्या घरी कळवायचा, म्हणजे रुपेश उलट आकडा सांगायचा. तीच चावी. विजेच्या लहरीवर कम्प्युटर रोजच कुठं ना कुठं कोलमडायचे, त्यामुळं फोनला काही कमी नव्हती.

भिकाभाऊंच्या राजुरीच्या डेअरीतलं काम उरकून येताना रुपेशला ट्रकनं उडवलं. त्यानंतर घरी फोन उचलायला उरली ती आई, जानकाबाई. धाकटी बहीण प्रज्ञा पुण्यात नोकरीला. प्रोग्राम तिलाही कळायचा, दुरुस्त्या ती करायची. चावी काढायचं मात्र रुपेशनं आईला कधीच शिकवून ठेवलं होतं. सातवी शिकलेली बाई, आलेला आकडा कम्प्युटरवर टाकायची आणि उत्तर वाचून दाखवायची.

वर्षभर ठीक चाललं. मग प्रज्ञाच्या मोबाइलवर तक्रारी सुरू झाल्या.

"ताई, मावशींनी सांगितलेली चावी लागतच न्हाई," भिकाभाऊ म्हणाले. "परत फोन केल्यावर बराबर सांगत्यात. पर तवर हितं कॅन घेऊन मानसं खोळंबत्यात ना, राव."

आईची नजर अधू झाली, असं प्रज्ञानं ठरवूनच टाकलं. या वयात तिला फोनला किती जुंपायचं, म्हणून तिनं हे काम सांभाळणाऱ्या कंपन्या शोधल्या. एक म्हणाली, प्रत्येक कम्प्युटरला चावीचं डोंगल लावा. डेअरीतल्या ओलीत ते किती टिकणार! दुसरी परदेशातली, तिला क्रेडिट कार्ड आणि इंटरनेट हवं. तिसरी पुण्याची. सीडी पोचवणं, वसुली, सगळं तिच्याकडं; आणि डेअरीवाल्यानं आकडा एसएमएस केला की चावी आपोआप परत. प्रज्ञाला हीच पसंत पडली.

"तितं बोलतंय कोन?" आईनं विचारलं.

"कुनी न्हाई आई, मशीनच हाय."

"बरं," आई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

प्रज्ञा खुशीत पुण्याला गेली. भावाचं काम आता बंद पडणार नाही आणि आईची कटकटही मिटली, असं तिला वाटलं. तक्रार एकही आली नाही.

दिवाळीला ती घरी आली. फोनवर आईनं विणलेला रुमाल पसरून ठेवला होता. दारात दिवेलागणीच्या उजेडात आई गोधडी शिवत बसली होती. दोरा संपला तशी तिनं दुसरा घेतला आणि एका फटक्यात सुईत ओवला. चष्मा नाही, काही नाही. प्रज्ञा बघतच राहिली.

"आई, तुला तर चांगलं दिसतंय की!"

"मंग? डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"मग ते आकडे कसे चुकायचे?"

आईनं दोन टाके घातले. मग मान वर न करता म्हणाली, "पयल्या फोनला मानूस आकडा घेतो नि ठेवतो. त्याला घाई आसती. दुसऱ्यांदा केला की जरा बोलतो. म्हनतो, मावशी, रुपेश आसता तर. भिकानं आसंच सांगितलं, त्या दिशी रुपेशनं त्याच्याकडं दोनदा च्या मागून घेतला म्हनून. मला कोन सांगनार व्हतं ते? म्हनून येक आकडा चुकवायची."

किती विचार करून, तीन-तीन कंपन्या पारखून प्रज्ञानं आईचं हे एवढंसं सुख काढून घेतलं होतं. डेअऱ्यांची माणसं खोळंबत होती हेही खरं, आणि नव्या कंपनीचा आकडा कधी चुकत नव्हता हेही खरं.

भाऊबीज झाली. ओवाळायला कुणी नव्हतंच. पुण्यात पोचल्यावर तिनं घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"हां, बोला! कुटली डेअरी?"

"आई, मी हाय."

"तू व्हय." आवाज खाली आला. "पोचलीस?"

"पोचले. आई, थोडं बोलू या ना. दादाचं काहीतरी सांग."

"मागनं बोलू. ठिव आता," जानकाबाई म्हणाल्या. "कुनाचा आला तर लागायचा न्हाई."