सातव्या नळाचा आकडा

शुक्रवार उजाडला की नमुनेवाल्या बाईंच्या गुडघ्यांना आधी कळायचं, कॅलेंडरला मागाहून. गावाला पाणी सकाळी सात ते नऊ एवढंच, आणि त्या दोन तासांत सात ठिकाणचे नळ गाठायचे. खांद्याला पेटी, पेटीत काचेच्या नळ्या, औषधाची छोटी बाटली आणि रंग ताडून बघायची पट्टी. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात क्लोरिन आहे, माणसांनी खुशाल प्यावं. रंग पट्टीशी जुळवून आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात हे काम करून बाईंना सव्वीस वर्षं झाली होती, आणि निवृत्तीला उरले होते तीन महिने. एवढ्या वर्षांत "बाई, पाणी छान आहे हो," असं त्यांना एका माणसानंही म्हटलं नव्हतं. पाणी चांगलं असलं तर ते आपलं आपण चांगलं असतं. वाईट आलं तर मात्र बाईंनी आणलेलं असतं.

पहिला नळ टाकीच्या पायथ्याशी, दुसरा दवाखान्यात, तिसरा शाळेत, असं करत सहावा शिंप्याच्या दुकानामागे. सातवा नळ शेवटच्या गल्लीत, चढ चढून गेल्यावर, जिथे पाइपच संपतो तिथे. शेवटच्या घरी पाणी चांगलं पोचलं तर मधल्या सगळ्यांकडे चांगलं, असा साधा हिशेब. आणि ते शेवटचं घर होतं बाईंच्या थोरल्या जाऊबाईंचं. तिथे बाईंनी आठ वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं.

भांडण कशावरून, तर पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिकेवरून. पत्रिकेत साऱ्या गणगोताची नावं होती, दूरच्या मावशीच्या व्याह्याचंसुद्धा होतं, आणि मुलाच्या सख्ख्या काका-काकूंचं नव्हतं. "छापणाऱ्याची चूक गं," जाऊबाई म्हणाल्या होत्या. "छापणाऱ्याला नावं कोण सांगतं?" बाई म्हणाल्या होत्या. पुढे शब्दाला शब्द वाढला, आणि "या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही," असं बाई चारचौघांत बोलून बसल्या. नवरा म्हणाला, "अगं, माझं नाव गळलं तर मला काही नाही, तुला काय एवढं?" त्याला काय जातंय! तो पुढच्याच महिन्यात भावाकडे जाऊन गप्पा मारून आला.

भांडणानंतरचा पहिला शुक्रवार आला, तेव्हा बाई शिंप्याच्या नळापाशी पेटी उघडून बराच वेळ उभ्या राहिल्या. सहाव्या नळाचा आकडा आला होता शून्य पूर्णांक तीन. पाणी पुढे जाईल तसा क्लोरिन थोडा उडतो, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. त्यांनी सातव्या रकान्यात शून्य पूर्णांक दोन लिहिलं आणि घरी गेल्या. खोटं होतं, पण शास्त्रात बसणारं खोटं होतं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. महिन्यातून एकदा मोठ्या प्रयोगशाळेला जाणारी बाटलीसुद्धा शिंप्याकडेच भरली जाऊ लागली, वर चिठ्ठी सातव्या नळाची. पहिलं वर्ष तर त्यांना आपण राग पाळतोय याचा थोडा अभिमानही होता. मग राग कधी विझला ते कळलं नाही. उरला तो नुसता कंटाळा. एवढा चढ चढायचा, दार वाजवायचं, तोंड उघडून काहीतरी बोलायचं, त्यापेक्षा तिनातून एक वजा करणं सोपं होतं. माणूस वैरानं जेवढं वाईट करत नाही तेवढं दमल्यामुळे करतो, हे आमचं आपलं मत.

या शुक्रवारी ऑफिसात पोचताच फिटरनं बातमी दिली. हा फिटर गावातले सगळे पाइप दुरुस्त करायचा आणि गावातली सगळी खबर ठेवायचा.

"बाई, शेवटच्या गल्लीत कावीळ आलीय. पाच जण पडलेत. तुमचे मोठे दीरपण आहेत त्यात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. नवरा पंधरा दिवसांपासून दुसऱ्या गावी कामावर गेलेला, आणि बाईंना सांगणारं दुसरं होतं कोण?

"तिकडचा पाइप गटाराला चिकटून जातो," फिटर म्हणाला. "पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि कुठे भोक असलं तर गटारातलं आत ओढतो. मी साहेबांना म्हटलं, खणून बघू."

साहेब टेबलामागून म्हणाले, "अरे, बाईंचा आकडा आहे ना समोर! गेल्या शुक्रवारी शून्य पूर्णांक दोन. त्याच्या आधी दोन. त्याच्याही आधी दोन. पाण्याचा काही संबंध नाही. बाहेर काहीतरी खाल्लं असेल लोकांनी." आणि त्यांनी आरोग्य खात्याला पाठवायच्या पत्रावर शिक्का मारला: पाणी पिण्यास योग्य. "हातच्या काकणाला आरसा कशाला? काय बाई?"

बाईंची पाचावर धारण बसली. बोलायची हीच वेळ होती. पण त्या मूग गिळून बसल्या, पेटी उचलली आणि बाहेर पडल्या.

त्या दिवशी त्यांनी पहिले सहा नळ सोडले. थेट चढाला लागल्या. दोनदा थांबून गुडघे दाबले, एकदा एका ओट्यावर बसल्याही. बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, की जाऊन नमुना घ्यावा, आला दोन तर देवच पावला. नाही आला तर 'याच आठवड्यात बिघडलंय' असं लिहावं. मागचं कोण उकरून काढणार? तीन महिने तर राहिलेत. विचार वाईट होता हे त्यांना कळत होतं, पण पाय पुढे टाकायला तेवढाच एक आधार होता.

जाऊबाईंचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत छोटं अंगण, फाटकाच्या उजव्या हाताला भिंतीशी नळ, खाली बादली. जाऊबाई दोरीवर चादर टाकत होत्या. त्यांचे केस पार पांढरे झाले होते, आणि बाईंना उगाचच वाटलं की ते सांगायलाही कुणी आलं नाही आपल्याला.

"ये," जाऊबाई एवढंच म्हणाल्या. जणू परवाच भेटल्या होत्या.

"कसे आहेत?"

"अकरा दिवस झाले. अन्न पोटात ठरत नाही. डोळे बघशील तर हळदीसारखे. डॉक्टर म्हणतात, या वयात लिव्हरला झेपेल का सांगता येत नाही. आता डोळा लागलाय, मग भेट." त्यांनी चादरीची सुरकुती काढली. "मी रजा काढलीय कारखान्यातून. नाहीतर आम्ही दोघंही पाणी भरून साडेसातच्या ठोक्याला बाहेर, तुला माहीतच आहे."

बाईंनी नळ सोडला. पाणी वाहू दिलं, नळी भरली, थेंब टाकले, हलवली. पाण्याला रंगच आला नाही. त्यांनी ओतून दुसरी नळी घेतली, थेंब वाढवले, उजेडाकडे धरली. रंग नाहीच. नाकाशी नेली तर एक सूक्ष्म, ओला, सडका वास. घरातला माणूस पिवळा पडला होता आणि जे पिवळं व्हायला हवं होतं ते होत नव्हतं.

"काय गं?" जाऊबाई जवळ आल्या. "बरोबर आहे ना? ही शेजारची मास्तरीण महिनाभर कानाशी भुणभुण करतेय, पाण्याला वास येतो, पाण्याला वास येतो. ती उकळून पिते. मला म्हणाली तुम्हीपण उकळा. मी म्हटलं, काही गरज नाही. दर शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानात तुमच्या ऑफिसचा कागद लागतो, त्यावर आमच्या धाकटीची सही असते. ती आमच्याशी बोलत नाही, पण कामात खोट करायची नाही. सगळ्या गल्लीला सांगितलं मी तसं. हे तर मास्तरणीला चिडवायचे, म्हणायचे, आमच्या घरात प्रयोगशाळा आहे, तुम्ही गॅस जाळत बसा."

बाई तशाच उकिडव्या बसलेल्या. ओट्यावर बसून जो आधार शोधला होता तो कुठल्या कुठे गेला.

"जाऊबाई, मी आलेच नाही."

"कधी?"

"कधीच. पत्रिकेचं झालं तेव्हापासून. शिंप्याकडचा आकडा घ्यायचे, त्यातून थोडं कमी करून तुमच्या नळाच्या नावानं लिहायचे. आठ वर्षं."

जाऊबाईंना ते समजायला वेळ लागला. त्यांनी नळाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं.

"पण मी तर कडी लावत नव्हते," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी कामाला निघताना फाटकाची कडी लावायची नाही, असं ठरवलं होतं मी. म्हटलं, आम्ही नसताना येऊन जात असेल, तोंड बघायचं नाही म्हणून. जाताना नळ घासून जायची, तुझ्या कामाला बरा. एकदा हे कडी लावून गेले, तर मी अर्ध्या वाटेवरून परत आले होते."

बाईंना रडू आलं, पण ते त्यांनी गिळलं. रडायचा हक्क आपला नाही, एवढं त्यांना उमगलं. त्यांनी फॉर्म काढला. सातव्या रकान्यात शून्य लिहिलं. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं, की या नळाचे मागचे आठ वर्षांचे आकडे प्रत्यक्ष नमुना न घेता लिहिलेले आहेत, आणि सही केली. मग साहेबांना फोन लावला.

"साहेब, सातव्या नळाला शून्य आहे. वास आहे. शेवटच्या गल्लीचा वॉल्व्ह बंद करा, टँकर पाठवा, फिटरला खणायला सांगा. आणि ते पत्र पाठवू नका."

"अहो, गेल्या शुक्रवारी तर दोन होतं!"

"ते मी मनानं लिहिलेलं. त्याच्या आधीचंही. सगळंच."

"बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? तीन महिने राहिलेत तुमचे. आधी ऑफिसात या, बसून बघू. काही लिहू नका."

"लिहिलं. पेनानं लिहिलंय. वॉल्व्ह तेवढा आत्ता बंद करा."

फोन ठेवला तेव्हा त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं लोक सांगतात, खरं बोललं की हलकं वाटतं म्हणून. बाईंना फक्त थकवा वाटला, सव्वीस वर्षांचा एकदम. पाच-सात मिनिटांत नळाची धार बारीक झाली आणि बंद पडली. म्हणजे साहेबांनी ऐकलं होतं.

आतून खोकल्याचा आवाज आला, आणि मग दिरांची क्षीण हाक, "कोण आलंय गं?"

सकाळी भरून ठेवलेली बादली जाऊबाईंनी उचलली आणि तिच्यातल्या पाण्याकडे बघत राहिल्या. टँकर यायला दुपार होणार होती. आजाऱ्याला पाणी तर द्यायलाच हवं. बादली कडेवर धरून त्या भिंतीपाशी गेल्या आणि पलीकडे हाक मारली.

"अहो मास्तरीणबाई! पाणी किती वेळ उकळता हो तुम्ही?"

बाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, "जाऊबाई, खळखळून उकळी फुटल्यावर पाच मिनिटं. तेवढं पुरे."

जाऊबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. टाचा उंचावून, बादली सावरत, मास्तरीण घरातून बाहेर येईपर्यंत त्या भिंतीशी थांबून राहिल्या.